कुत्र्या-मांजरांची सुई: राज्य पशुवैद्यक परिषदेला आणि सहकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद,
आणि शहरांत कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करणारे सर्व सहकारी

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच लिहिते. कुत्र्या-मांजरांना इंजेक्शन कसं द्यायचं, त्यांचं रक्त कसं काढायचं आणि त्या वेळी त्यांना कसं धरायचं, याचं हाताला वळण लावणारं प्रशिक्षण परिषदेनं सुरू करावं. ते पशुवैद्यकांसाठी असावं आणि प्राणी धरणाऱ्या मदतनिसांसाठीही असावं. निरंतर शिक्षण म्हणून आपण अल्ट्रासाउंडच्या, हाडांच्या, दातांच्या शस्त्रक्रियेच्या कार्यशाळा घेतो. त्या हव्यातच. पण दवाखान्याच्या दारातून आत येणाऱ्या बहुतेक प्राण्यांना त्यातलं काहीच लागत नाही. त्यांना लस लागते, उलटीचं इंजेक्शन लागतं, सलाईन लागतं, गोचीडतापासाठी रक्त तपासावं लागतं. म्हणजे सुई लागते. आणि जी गोष्ट आपण रोज सगळ्यांत जास्त वेळा करतो, ती शिकवायची असते हेच आपण विसरून गेलो आहोत.

मी पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते. लोक मला विचारतात की आमचा कुत्रा दवाखान्याच्या गल्लीत वळलं तरी का थरथरतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या पिल्लूपणात असतं. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात दिली जाते. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या ओळखीपाळखीचा असतो. कुठली माणसं, कुठले आवाज, कुठले वास आपले आणि कुठले घातक, हे त्याच्या डोक्यात याच काळात पक्कं होतं. म्हणजे दवाखान्याशी त्याची पहिली भेट नेमकी अशा वयात होते, ज्या वयात शिकलेलं जन्मभर राहतं. त्या भेटीत कुणी त्याला गारेगार स्टीलच्या टेबलावर दाबून धरलं आणि टोचलं, तर पुढची बारा-चौदा वर्षं त्या कुत्र्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाला त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्याकडे याला आणखी एक पैलू आहे. पिसाळलेलं किंवा संशयास्पद कुत्रं चावलं, तर पाळीव कुत्र्याला ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी रेबीजची लस देण्याचा प्रघात आहे. महिन्याभरात पाच सुया. पहिल्या दिवशी ओढाताण झाली की तिसऱ्या दिवशी कुत्रा पायरीवरच बसकण मारतो, सातव्या दिवशी मालकाच्या हातावर दात उमटतात आणि चौदाव्या दिवशी माणसं येतच नाहीत. रेबीजच्या बाबतीत अर्धवट राहिलेल्या लसीकरणाचा अर्थ काय, हे आपल्या व्यवसायातल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पार्व्हो या विषाणूच्या उलटी-जुलाबानं आजारी पिल्लांचंही तेच. त्या आजारात रोज शीर शोधावी लागते, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही पुढच्या पायांच्या शिरा फोडून ठेवल्या तर तिसऱ्या दिवशी सलाईन लावायचं कुठे?

हे असं का होतं, याचा मी खूप विचार केला आहे. आपली पदवी साडेपाच वर्षांची, त्यात वर्षभराची इंटर्नशिप. तिचा गाभा पशुधनाचा आहे आणि या राज्यात तो तसाच असायला हवा. गाय, म्हैस, शेळी जगली तर घर जगतं. मोठं जनावर खोड्यात घेतल्याशिवाय टोचायला गेलं तर माणसाच्या बरगड्या मोडतात. तिथे पक्कं धरणं हीच सुरक्षितता. मात्र तीच सवय घेऊन आपण साडेतीन किलोच्या मांजरापुढे उभे राहतो. चार माणसं, एक टॉवेल, मानेची कातडी मुठीत आणि मागचे पाय ताणलेले. मांजर एवढं धरल्यावर शांत होत नाही, थिजतं. थिजलेल्या मांजराला आपण 'गुणी' म्हणतो आणि झटापट करणाऱ्याला 'डेंजर' असा शिक्का कार्डावर मारतो. दोघंही तितकीच घाबरलेली असतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या दोन संस्थांनी २०२२ साली मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मानेची कातडी धरून मांजराला जखडण्याची पद्धत सोडून द्यायला सांगितलं आहे. आपल्याकडे किती दवाखान्यांत ती सुटली, हे प्रत्येकानं आपापल्या टेबलाकडे बघून ठरवावं.

काही सहकारी म्हणतात, हे सगळं हळवेपणाचं आहे, पेशंट जास्त असतात, वेळ नसतो. त्यांना मला दयेची भाषा ऐकवायची नाही. त्यांच्याशी मी रिपोर्टच्या भाषेत बोलेन, कारण भीतीनं रक्तच बदलतं.

मांजरापासून सुरुवात करू. झटापट करणाऱ्या मांजराची साखर काही मिनिटांत वर जाते, आणि आजारी मांजरात ती तीनशेच्या पलीकडेही दिसू शकते. ती उतरायला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. रिपोर्ट हातात आल्यावर मधुमेहाचं निदान लिहिणं सोपं असतं. ज्या मांजराला मधुमेह नाही त्याला इन्सुलिन सुरू केलं, तर त्याची साखर घरी रात्री कोसळेल आणि तेव्हा जवळ कुणी नसेल. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन तपासलं तर मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि गोंधळ मिटतो. पण किती ठिकाणी ते तपासलं जातं? घाबरलेल्या मांजराच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. कुत्र्याची प्लीहा आकुंचन पावून राखीव लाल पेशी रक्तात सोडते, त्यामुळे थोडासा ॲनिमिया झाकला जाऊ शकतो. लॅक्टेट वाढतं. रक्तदाब वाढतो, तो किती हे तर सांगायलाच नको. रक्त घेण्याआधी स्नायूत इंजेक्शन दिलं असेल, तर सीके हा स्नायूंचा आकडा आपणच वाढवून ठेवलेला असतो.

आता आपल्या शहरांतला सर्वांत मोठा गोंधळ सांगते: प्लेटलेट. पुणे असो, मुंबई असो, नागपूर असो, गोचीडताप घराघरांत पोचलेला आहे. एर्लिकिया आणि बबेसिया या गोचीडतापाच्या दोन्ही जंतूंत प्लेटलेट घसरतात, म्हणून ताप असलेल्या प्रत्येक कुत्र्याचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते. कुत्रा हलतोय, सुई शिरेत आत-बाहेर होते, रक्त थेंबाथेंबानं येतं, सिरिंजमध्येच गुठळ्या धरायला लागतात. त्या गुठळ्यांत प्लेटलेट अडकतात, मशीनला त्या दिसत नाहीत, आणि कागदावर 'चाळीस हजार' छापून येतं. लगेच डॉक्सीसायक्लिनचा महिन्याचा कोर्स. कधी स्टिरॉइडसुद्धा. हे टाळायला काय लागतं? एकाच प्रयत्नात, सलग वाहणारं रक्त, आणि त्याच वेळी काढलेली एक पातळ स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर. स्मिअरच्या पिसासारख्या टोकाला गुठळ्या आहेत का ते आधी बघायचं. मग सूक्ष्मदर्शकाच्या शंभरच्या तेलाच्या लेन्सखाली एका क्षेत्रात सरासरी जितक्या प्लेटलेट दिसतील त्यांना साधारण पंधरा हजारांनी गुणायचं. दहा दिसल्या तर दीड लाख. पाच मिनिटांचं काम आहे. बबेसिया शोधायचा असेल तर कानाच्या कडेला टोचून मिळालेला एक थेंब मोठ्या शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण बारीक केशवाहिन्यांत बाधित पेशी जास्त सापडतात. त्यासाठी कुत्र्याला आडवं पाडावं लागत नाही.

याच कुत्र्याबद्दल आणखी एक. हिरड्यांवर, पोटावर लाल ठिपके दिसत असतील, तर मानेच्या मोठ्या शिरेला हात लावू नये. पुढच्या पायाची सेफॅलिक किंवा मागच्या पायाची सॅफेनस शीर घ्यावी, म्हणजे नंतर बोटानं दाबून ठेवता येते. काही मिनिटं खरोखर दाबावं. कापूस चिकटवून 'चला, पुढचा' असं म्हणू नये.

प्रत्यक्ष सुईबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. सिरिंजच्या पाकिटात जी सुई येते तीच सगळ्यांना, ही सवय मोडली पाहिजे. लस त्वचेखाली द्यायला आणि सत्तर किलोच्या ग्रेट डेनचं रक्त काढायला एकच सुई कशी चालेल? सुयांच्या बुडाच्या प्लास्टिकचे रंग गेजनुसार (म्हणजे जाडीनुसार; आकडा मोठा तितकी सुई बारीक) ठरलेले आहेत: २२ गेज काळी, २३ निळी, २५ केशरी, २६ तपकिरी. आणि सलाईनच्या कॅन्युलाचे रंग वेगळे: तिथे २२ निळी आणि २४ पिवळी. सुईत मात्र पिवळी म्हणजे २० गेज. 'पिवळी दे' असं ओरडून सांगितल्यावर नवशिक्या मदतनिसाच्या हातून काय येईल याचा नेम नाही. गेजचा आकडा बोलून मागावा.

औषधाच्या बाटलीचं रबरी बूच भोसकलं की सुईच्या टोकाची धार जाते. डोळ्यांना दिसत नाही, कातडीला कळतं. म्हणून औषध एका सुईनं ओढावं आणि टोचताना नवी सुई लावावी. एका सुईची किंमत काही रुपये. फ्रिजमधून काढलेली लस हातात धरून थोडी कोमट होऊ द्यावी. स्पिरिट लावलं असेल तर ते सुकू द्यावं. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की झोंबतं. बबेसियावरचं इमिडोकार्बसारखं औषध मुळातच दुखरं आहे, ते देताना आधी मालकाला आणि मदतनिसाला सांगून ठेवावं, आधी ॲट्रोपिन द्यावं आणि घाईत ढकलू नये.

रक्त काढताना सिरिंजचा दट्ट्या आधी एकदा ओढून सैल करावा, म्हणजे शिरेत गेल्यावर झटका बसत नाही. सेफॅलिक घेताना शिरेच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी. तिथे फुटली तर वर जागा शिल्लक राहते. धरणाऱ्यानं कोपराच्या खाली अंगठ्यानं शीर दाबून जरा बाहेरच्या बाजूला वळवली की ती सरकत नाही. हे एवढं एक वाक्य धरणाऱ्या माणसाला कुणी कधी करून दाखवलेलं नसतं, आणि शीर सापडली नाही की बोलणी त्यालाच खावी लागतात. मांजरासाठी मला मागच्या पायाची आतली शीर आवडते. कॅरियरचं वरचं झाकण काढायचं, मांजराला खालच्या भागात तसंच कुशीवर राहू द्यायचं, तोंडावर टॉवेल हलका टाकायचा आणि स्काल्प व्हेन सेटनं, म्हणजे नळी जोडलेल्या बारीक सुईनं, रक्त घ्यायचं. नळी लवचिक असल्यामुळे पाय थोडा हलला तरी सुई हलत नाही. दट्ट्या जोरात ओढला की शीर चपटी होऊन बंद पडते, म्हणून तो हळूहळू. दोन प्रयत्नांत नाही जमलं तर हात बदलावा, माणूस बदलावा, नाही तर थांबावं. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला आपला हात रागानं चालत असतो, आणि जनावराला ते कळतं.

मग ट्यूब. सुईतूनच रक्त जोरात ट्यूबमध्ये मारलं की पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि लॅबवाला 'हिमोलाइज्ड' लिहून पाठवतो. सुई काढावी, झाकण उघडावं, कडेनं रक्त सोडावं. जांभळ्या ट्यूबमध्ये खुणेपर्यंत भरावं. कमी रक्तात ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं त्या ट्यूबमधलं रसायन, जास्त झालं तर लाल पेशी आकसतात आणि पीसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, खोटा कमी येतो. जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल किंवा पिवळ्या ट्यूबमध्ये ओतण्याचा प्रकार मी ऐकला आहे. ईडीटीएच्या एका थेंबानं पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम पडतं, आणि मग मूत्रपिंडाच्या आजारापासून ॲडिसन या ग्रंथीच्या आजारापर्यंत काहीही सुचायला लागतं. जांभळी ट्यूब लाल-पिवळीच्या नंतर भरावी, आणि गोठण्याची तपासणी असेल तर निळी सर्वांत आधी.

किती रक्त काढतोय, हेही मोजलं पाहिजे. मांजराच्या शरीरात किलोमागे साधारण साठ मिली रक्त असतं, कुत्र्यात ऐंशी-नव्वद. सातशे ग्रॅमच्या मांजराच्या पिल्लात सगळं मिळून चाळीस-बेचाळीस मिली. निरोगी प्राण्यातही एका वेळी दहा टक्क्यांच्या पुढे जायचं नाही, म्हणजे या पिल्लाच्या बाबतीत चार मिली हा कडेलोट, आणि आजारी पिल्लात त्याहून कितीतरी कमी. चार रंगांच्या चार ट्यूब भरून मागणाऱ्या पॅथॉलॉजीला हे सांगायची हिंमत आपण दाखवली पाहिजे. लहान मुलांसाठी अर्धा मिलीच्या ट्यूब मिळतात, त्या ठेवाव्यात. ॲडमिट असलेल्या लहान प्राण्याचं रोज थोडं थोडं रक्त काढून आपणच त्याला ॲनिमिक करू शकतो, म्हणून कार्डावर तारखेबरोबर मिली लिहावेत.

मांजरांच्या लसीची जागा हा विषय आपल्याकडे अजून पुरेसा पोचलेला नाही. इंजेक्शन दिलेल्या जागी मांजरांना होणाऱ्या सार्कोमाकडे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांनी लक्ष वेधलं. असा कर्करोग विरळा होतो, पण झाला की मुळापासून काढणं फार कठीण. दोन खांद्यांच्या मध्ये तो झाला तर सर्जनला कापायला जागाच उरत नाही. त्यामुळे तिथे लस न देता पायाच्या खालच्या भागात द्यावी, कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाली. शेपटीतही देता येते आणि बरीच मांजरं ती सहन करतात. कोणती लस कोणत्या पायात, हे दरवेळी कार्डावर लिहावं. गाठ तीन महिन्यांनंतरही असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा लसीनंतर महिन्यानंही वाढत असेल, तर तिचा तुकडा तपासायला पाठवावा. माझ्याकडे दुसरीकडून येणाऱ्या कार्डांवर लसीचं लेबल असतं, तारीख असते, सही असते. जागा लिहिलेली अगदी क्वचित सापडते.

भीती कमी करायला आज आपल्या हातात औषधंही आहेत. मांजराला घरून निघण्याआधी दीड-दोन तास गॅबापेंटिन दिलं, तर तेच मांजर कॅरियरमध्ये शांत बसून येतं, हे मी वारंवार बघते. कुत्र्यांसाठी ट्रॅझोडोनचा पर्याय आहे. डोस मी इथे मुद्दामच लिहीत नाही, कारण हे पत्र मालकही वाचतील, आणि वजन, वय, मूत्रपिंडं बघितल्याशिवाय हे औषध कुणी देऊ नये. माणसांच्या पातळ औषधांत कधी कधी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषारी आहे, हेही लक्षात ठेवावं. ठरवून करायच्या तपासणीसाठी लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम आहे. केस काढून, लावून, वर पट्टी गुंडाळून अर्धा-पाऊण तास थांबलं की कॅन्युलाची टोच खूपच कमी जाणवते.

आणि खाऊ. शिजवलेल्या चिकनचे तुकडे, चाटायची पेस्ट, थोडं दही. सुईनंतर बक्षीस म्हणून तर द्याच, पण टोचतानाच कुत्रा चाटत असला पाहिजे. मालकानं घरी पंधरा दिवस रोज दोन मिनिटं पुढचा पाय हातात धरायचा, अंगठ्यानं किंचित दाबायचा, पेनाच्या टोकानं हलकेच स्पर्श करायचा आणि खाऊ द्यायचा. प्राणिसंग्रहालयांत मोठमोठे प्राणी स्वतःहून शेपूट किंवा पाय पुढे करून रक्त देतात, ते याच पद्धतीनं शिकवलेले असतात. मग लॅब्रॅडॉरला ते का शिकवता येऊ नये? जाळीचं मुसकं घरीच खाऊ घालून ओळखीचं करून आणलं, तर दवाखान्यात ते बांधताना भांडण होत नाही. कापडाच्या पट्टीनं तोंड आवळून बांधण्याची पद्धत पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात गुदमरवू शकते. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो. तोंडच आवळलं तर करणार काय?

मला पळवाट काढायची नाही, म्हणून उलट बाजूही लिहिते. लघवी तुंबलेला बोका आला, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावलेत, तर त्याच्या रक्तातलं पोटॅशियम आत्ता कळायला हवं. तिथे खाऊची वाट बघत बसायचं नसतं. पण तिथेही चार माणसांच्या जोरापेक्षा सुरक्षित शामक बरं. वार्षिक तपासणीचं रक्त मात्र आज नाही मिळालं तर पुढच्या आठवड्यात मिळेल. आजच हवं आणि पुढच्या आठवड्यात चालेल, या दोन गोष्टींतला फरक ओळखणं हे आपलं काम आहे, मदतनिसाचं नाही. मालकाला 'आज थांबू, परवा औषध देऊन आणा' असं सांगताना आपल्याला कमीपणा वाटतो. वाटू नये. आणि त्या वेळेचे पैसे मागावेत. प्राणी शांत करण्यात गेलेली वीस मिनिटं हा उपचार आहे, बिलावर त्याला जागा असावी. असेल तरच दवाखाने ते करतील.

आता मदतनिसांबद्दल. हा माझ्या पत्रातला सर्वांत मनापासूनचा भाग आहे. प्राणी धरणारा मुलगा किंवा मुलगी बहुतेक ठिकाणी काहीही न शिकता, ओळखीनं, कमी पगारावर लागलेली असते. चावा त्यांना बसतो, ओरखडे त्यांच्या हातावर असतात, टोपण परत लावताना सुई त्यांच्या बोटात घुसते. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस न घेता कुत्र्याच्या तोंडाजवळ रोज हात घालणारी माणसं या राज्यात आहेत, आणि ती आपल्या दवाखान्यांत आहेत. आपण स्वतः लस घेतो, अँटिबॉडी मिलीमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एककांच्या वर आहेत का ते तपासतो. त्यांची लस कोण करणार? त्यांना कामावर ठेवणाऱ्यानंच करायला हवी, पहिल्या दिवसाच्या आधी.

टोपण परत लावायचंच नाही, हे त्यांना शिकवावं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. सुईशिवायच्या सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सुया भरून ती ओल्या कचऱ्यात टाकली, तर ती शेवटी महापालिकेच्या कचरावेचक बाईच्या हातात घुसते. तिला हे कळायलाही मार्ग नसतो की सुई कुठल्या प्राण्याची होती.

घरी इन्सुलिन देणाऱ्या मालकांसाठी एक कळकळीची सूचना इथेच लिहिते. आपल्याकडे इन्सुलिन ४० एककांचंही मिळतं आणि १०० एककांचंही. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची झाली, तर डोस अडीचपट जातो. छोट्या मांजरासाठी ते जिवावरचं आहे. पहिला डोस दवाखान्यात, मालकाच्या हातानं, आपल्यासमोर द्यायला लावावा, आणि बाटलीवरचा आकडा व सिरिंजवरचा आकडा त्यांना मोठ्यानं वाचायला सांगावा.

परिषदेकडून मला नेमकं हवंय ते असं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, जसं की परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे, इंटर्नशिपच्या विद्यार्थ्यांसाठी लहान प्राण्यांच्या सुईचं स्वतंत्र प्रशिक्षण असावं. सुरुवात जिवंत प्राण्यावर करू नये. रबराची नळी आणि कातड्यासारखा पातळ थर यांची साधी प्रतिकृती दोनशे-तीनशे रुपयांत बनते. आधी तिच्यावर हात बसवावा, मग शांत कुत्र्यावर, मांजरावर सर्वांत शेवटी. प्रॅक्टिस करणाऱ्या पशुवैद्यकांसाठी वर्षातून एक कार्यशाळा असावी, आणि तिला मदतनिसाला बरोबर आणण्याची अट असावी, कारण सुई धरणारा आणि प्राणी धरणारा एकत्र शिकले तरच उपयोग. मदतनिसांसाठी मराठीतून एक छोटा अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र असावं. त्यांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे आणि किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखालीच देता येतात. दुकानदार आणि ब्रीडर स्वतः पिल्लांना लशी टोचतात ते थांबवायचं असेल, तर आधी आपल्या दवाखान्यातल्या जबाबदाऱ्या नीट लिहिलेल्या असल्या पाहिजेत. आणि लसीकरण कार्डाचा एक नमुना परिषदेनं द्यावा, ज्यात जागा, बाजू आणि सुईचा गेज यांसाठी रकाने असतील.

प्रतिकृतींचा आणि मदतनिसांच्या अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा करायला मी वेळ द्यायला तयार आहे. परिषदेनं पुणे विभागात पहिली कार्यशाळा ठेवायचं ठरवलं, तर तारीख पावसाळ्याआधीची असावी ही विनंती. जूननंतर गोचीडतापाच्या आणि पार्व्होच्या केसेस वाढतात आणि दवाखाना सोडून कुणालाच येता येत नाही.

आपली नम्र,
कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करणारी एक पशुवैद्यक
पुणे